राक्षस आमचे, फोटोही आमचेच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी पॉलिमर क्लेचे छोटे राक्षस बनवते, वेताळ, ब्रह्मराक्षस, कधी मनातलंच काहीतरी तीन डोळ्यांचं, आणि घरच्या ओव्हनमध्ये भाजून, रंगवून फोटो इन्स्टाग्रामवर टाकते. लोकांना वाटतं फोटो काय, काढला की झालं, पण अर्धी मेहनत तिथेच असते हो! वीतभर मूर्ती वरून टिपली तर खेळण्यासारखी वाटते, मोबाईल तिच्या डोळ्यांच्या लेव्हलला आणला की तीच अंगावर येते. एका बाजूने खिडकीचा उजेड, मध्ये बटर पेपर, दुसरीकडे थर्माकोलचा पांढरा तुकडा, तेव्हा कुठे खवले न् सुळे उठून दिसतात. फ्लॅश मारला की वार्निश चमकतं आणि सगळं सपाट.

आणि असे फोटो कोणीतरी सरळ उचलतं, नाव क्रॉप करतं, स्वतःचा माल म्हणून विकायला ठेवतं. माझ्या बाबतीत हे झालंय, विचारलं तर म्हणे "नेटवर होतं ना!" अहो, नेटवर आहे म्हणजे फुकट नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शिल्प आणि फोटो दोन्ही येतात, हक्क निर्मितीबरोबरच मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. नवीन कलाकारांनी मूळ फाइल्स आणि बनवतानाचे फोटो जपून ठेवावेत, पुरावा म्हणून तेच कामी येतात.

गोव्यात दिवाळीला नरकासुराचे पुतळे रात्रभर मिरवून पहाटे जाळतात, मागे उरतो तो फोटोच. यंदा असे फोटो छापताना बनवणाऱ्या पोरांची नावंही खाली टाकाल का?

- एक मूर्तिकार, पुणे