मॅक्रो एकाच जागी ठेव की लगा

बाळ्या,

काल फोनवर म्हणालास की बेदाण्याच्या सौद्याची नवी फाईल काढली की दर वेळी जुन्या एक्सेल फाईलीतला मॅक्रो, म्हणजे ठरलेलं काम आपोआप करणारा कोड, कॉपी करून त्यात टाकतोस, ते काय डोक्यातनं जाईना म्हणून लिहायला बसलो. लगा, उद्या हमाली-तोलाईचा दर बदलला तर सगळ्या फाईली उघडून कोड दुरुस्त करत बसणार का? एखादी राहिली की शेतकऱ्याच्या हिशेबाची पट्टी चुकली.

एक्सेलमध्ये पर्सनल मॅक्रो वर्कबुक असतं, म्हणजे सगळे मॅक्रो एकाच जागी ठेवायची लपलेली फाईल. रेकॉर्ड मॅक्रो दाब, 'स्टोअर मॅक्रो इन'मध्ये तेच निवड, कुठल्यातरी सेलवर क्लिक कर आणि स्टॉप, झाली फाईल तयार. आता आल्ट एफ११ दाबलंस की डावीकडं पर्सनल डॉट एक्सएलएसबी दिसेल, त्याच्या मॉड्यूलमध्ये तुझा कोड टाक. एक्सेल बंद करताना सेव्ह करू का विचारतं, तिथं घाईत नको म्हणू नको. ही फाईल एक्सएलस्टार्ट फोल्डरात बसते म्हणून एक्सेलबरोबर ती पण गुपचूप उघडते, मग समोर कुठली का फाईल असंना, आल्ट एफ८ दाबलं की मॅक्रो हजर.

आता हे नीट वाच. कोडमध्ये जिथं थिसवर्कबुक आहे तिथं अ‍ॅक्टिव्हवर्कबुक कर. थिसवर्कबुक म्हणजे कोड ज्या फाईलीत आहे ती, म्हणजे आता ती लपलेली पर्सनलच, तुझी हमाली-तोलाई तिच्यात शोधत बसेल आणि समोरच्या शीटवर काहीच होणार नाही. आणि मॅक्रो चालल्यावर कंट्रोल झेड करून मागं येता येत नाही, त्यात आता तो कुठल्याही फाईलीवर चालणार, म्हणून कोडच्या सुरुवातीलाच शीटच्या पहिल्या ओळीत 'बॉक्स', 'वजन' ही हेडिंगं आहेत का ते तपास, नसतील तर तिथंच एक्झिट सब, म्हणजे मॅक्रो तिथंच थांबेल.

आकड्यातली रक्कम अक्षरात लिहिणारं तुझं फंक्शन मात्र पर्सनलमध्ये नको, सेलमध्ये वापरताना दर वेळी पुढं त्या फाईलीचं नाव आणि उद्गारचिन्ह लावावं लागतं. ते वेगळ्या फाईलीत घे, एक्सेल अ‍ॅड-इन म्हणजे एक्सएलएएम म्हणून सेव्ह कर आणि डेव्हलपर टॅबमधनं टिक कर, मग नुसत्या नावानं चालतं. दुकानातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरच्या पोराला पण तीच दे. मेलवरनं पाठवलीस तर आधी राईट क्लिक, प्रॉपर्टीज, अनब्लॉक करायला सांग, २०२२ पासून मायक्रोसॉफ्टनं नेटवरनं आलेल्या फाईलीतले मॅक्रो आपणहून बंद ठेवायला सुरुवात केलीय.

अडलं तर फोन कर, सौदे नसतील त्या दिवशी मी साताऱ्यावरनं सांगलीला येतो, बसून लावून टाकू. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
पप्या