मॉर्फिनच्या गोळीसाठी सोलापूरहून पुणे: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय: सोलापूर जिल्ह्यात तोंडाने घ्यायचे मॉर्फिन नियमित उपलब्ध करून देण्याबाबत

महोदय,

सादर नमस्कार. सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे एका बाजूला यंत्रमागाचा खडखडाट असतो आणि दुसऱ्या बाजूला उंबऱ्यात बसून बायका विड्या वळत असतात, तिथे मी तीस वर्षे औषधांचे दुकान चालवतो. माझी थोरली बहीण, आमची अक्का, याच वस्तीत विड्या वळून संसार करत आली आणि तोंडाच्या कर्करोगाने गेली. आजार बरा होणार नाही हे आम्हाला कळले होते आणि आम्ही ते स्वीकारलेही होते. आम्हाला हवी होती ती फक्त वेदना थांबवणारी मॉर्फिनची गोळी, आणि तीच या शहरात आमच्या हाती लागेना.

ट्रॅमाडॉल या मॉर्फिनहून सौम्य वेदनाशामकाने काही आठवडे निभावले. त्यानंतर अक्का रात्रभर भिंतीला टेकून बसू लागली, कारण आडवे झाले की जबड्यातली कळ कानामागून डोक्यात जाई. उजव्या हाताची बोटे गोधडीच्या काठावर पान वळल्यासारखी फिरत राहत. एका रुग्णालयात मी मॉर्फिनबद्दल विचारले, तेव्हा समोरच्या डॉक्टरांनी आवाज खाली आणून "ते गर्दाच्याच जातीचे आहे, नसती भानगड होते" असे उत्तर दिले. शेवटी पहाटे उठून हुतात्मा एक्सप्रेसने पुणे गाठावे लागले, आणि पुढेही दर खेपेला कागदपत्रांची पिशवी घेऊन तेच करावे लागले.

त्या डॉक्टरांचे विधान पूर्णपणे खोटे नव्हते आणि अडचण नेमकी तिथेच आहे. गर्द म्हणजे हेरॉइन हे मॉर्फिनपासूनच तयार होते. अफूच्या चिकातून मॉर्फिन काढतात आणि त्याच्या रेणूला ॲसिटिल नावाचे अणूंचे दोन छोटे गट जोडले की हेरॉइन होते. १८७४ मध्ये लंडनमध्ये ते प्रथम तयार झाले आणि १८९८ पासून बायर कंपनीने ते खोकल्याचे औषध म्हणून विकले; मॉर्फिनपेक्षा त्याची सवय कमी लागते, असा तेव्हाचा समज होता. त्या दोन गटांमुळे रेणू मेदात चटकन विरघळतो आणि रक्तातून मेंदूत फार वेगाने शिरतो. आत गेल्यावर शरीर ते गट एकेक करून काढून टाकते आणि शेवटी उरते ते मॉर्फिनच, जे मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या ठरावीक ग्राहींवर (रिसेप्टरवर) बसून वेदनेचा संदेश दाबते.

म्हणजे नशेची ओढ लावण्यात रेणूइतकाच वाटा वेगाचा आहे. शिरेत टोचलेले किंवा पन्नीवर तापवून धुरावाटे ओढलेले हेरॉइन काही क्षणांत मेंदू गाठते, म्हणून झटका बसतो, आणि त्या झटक्याची आठवण माणसाला पुन्हा तिथेच ओढून नेते. आपल्याकडे तपकिरी भुकटीच्या रूपात मिळणाऱ्या गर्दात भेसळ किती आणि मूळ माल किती हे ओढणाऱ्याला कधीच ठाऊक नसते. मध्ये काही महिने सुटलेला माणूस जुन्याच मापाने परत घेतो, तोवर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि श्वास मंदावत थांबतो. अक्काची दहा मिलिग्रॅमची गोळी आतड्यातून सावकाश रक्तात उतरे, दर चार तासांनी घड्याळ लावून दिली जाई, आणि मात्रा तिच्या वेदनेप्रमाणे डॉक्टर थोडीथोडी वाढवत. त्रास झाला तो बद्धकोष्ठतेचा, त्यासाठी पहिल्या दिवसापासून रेचक दिले होते. सुरुवातीला गुंगीही आली. व्यसनाचा धोका अगदीच नसतो, असे मी औषधाच्या धंद्यातला माणूस म्हणणार नाही. पण काही दिवसांत शरीराला औषधाची सवय होणे वेगळे आणि व्यसनी होणे वेगळे, हा फरक डॉक्टरांनाच सांगावा लागतो, याचे मला वाईट वाटते.

"अरे, हे गर्दच न्हवं का?" असे अक्कानेही मला पहिल्या दिवशी विचारले होते. त्या रात्री ती आडवी होऊन झोपली, मग तिने पुन्हा विचारले नाही.

खुद्द हेरॉइन ब्रिटनमध्ये आजही डायमॉर्फिन या नावाने तीव्र वेदनेसाठी वापरतात, आणि इतर उपचारांनी न सुटलेल्या व्यसनींना स्वित्झर्लंडमध्ये १९९४ पासून ते देखरेखीखाली दिले जाते. आपल्याकडे ते आणावे अशी माझी मागणी नाही. मॉर्फिन पुरेसे आहे. ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, आणि ज्या अफूपासून ते बनते तिची परवान्याने शेती मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात होते, तर सरकारी कारखाने नीमच आणि गाझीपूरला आहेत. माल देशातला, कारखाना सरकारचा, आणि रुग्ण मात्र रेल्वेत.

कायद्याचे कारणही आता पुढे करता येणार नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली पूर्वी एकेका रुग्णालयाला अनेक खात्यांचे परवाने काढावे लागत. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिनसह काही औषधांना 'अत्यावश्यक' ठरवून रुग्णालयाने 'मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था' अशी एकच मान्यता घ्यायची सोपी पद्धत आणली. प्रशिक्षित डॉक्टर, कुलूपबंद कपाट आणि नीट ठेवलेली नोंदवही एवढ्यावर हे काम चालते.

गोळ्या बाहेर जातील ही भीती मी समजू शकतो. २०२३ मध्ये चिंचोली एमआयडीसीत मेफेड्रोनचा कारखाना सापडल्यापासून सोलापूरकर या विषयाला दचकतात. (मेफेड्रोन हे उत्तेजक आहे, अफूच्या कुळाशी त्याचा काही संबंध नाही, पण बातमीत सगळेच 'ड्रग्ज' होते.) अक्का गेली तेव्हा अकरा गोळ्या उरल्या होत्या. त्या मी मोजून पुण्याला परत नेल्या, तिथल्या परिचारिकेने माझ्यासमोर पुन्हा मोजल्या आणि वहीत माझी सही घेतली. हिशेब असा ठेवता येतो.

आपणास विनंती अशी की सोलापुरात आणि पंढरपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात आपल्या खात्याने मॉर्फिन ठेवण्याची ही मान्यता घ्यावी, अन्न व औषध प्रशासनाशी बोलून ती अडकू देऊ नये, आणि निदान दोन डॉक्टर व चार परिचारिकांना वेदनाशमनाचे प्रशिक्षण द्यावे. अक्कलकोट, मंगळवेढ्याबरोबरच धाराशिव आणि विजयपूरचे रुग्णही उपचारासाठी इथेच येतात, म्हणून साठा ठरवताना केवळ शहराची लोकसंख्या धरू नये. जे गर्दात अडकले आहेत त्यांच्यासाठी गर्दाची ओढ शमवणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिनचे उपचार आणि रुग्णवाहिकेत श्वास परत आणणारे नॅलोक्सोन यांचीही सोय त्याच प्रशिक्षणात बसते.

मान्यता कधीपर्यंत मिळेल याची तारीख आपण जाहीर केली, तर दुकानात चिठ्ठी घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाला मला पुण्याच्या गाडीची वेळ सांगावी लागणार नाही.

आपला,
सोलापुरातील एक औषध दुकानदार