रॅकमधील स्विचची वॉरंटी नाकारल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: दमट हवेचे कारण देऊन वॉरंटी नाकारल्याबाबत

महोदय,

आमचे सार्वजनिक वाचनालय रत्नागिरी जिल्ह्यात समुद्रालगतच्या गावी आहे. जुन्या नियतकालिकांच्या स्कॅन केलेल्या प्रती जतन करण्यासाठी आम्ही आपल्या कंपनीकडून सर्व्हर, नेटवर्क स्विच (संगणकांना केबलने एकमेकांशी जोडणारे उपकरण), यूपीएस आणि ही उपकरणे बसवण्याचे काचेच्या दाराचे कपाट म्हणजे रॅक घेतला आणि त्यांची जोडणीही आपल्याच इंजिनिअरने केली. पावसाळ्यात स्विच वारंवार बंद पडू लागला आणि अखेर निकामी झाला. ‘कोकणातील दमट हवेमुळे बिघाड, वॉरंटी लागू नाही’ असा शेरा मारून सेवा केंद्राने तो परत पाठवला. हा निष्कर्ष आम्हाला मान्य नाही.

ज्या खोलीत रॅक आहे तेथील एसी अहोरात्र चालू असतो. खोलीत तापमान 25 अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता 60 टक्के असताना स्विचच्या स्वतःच्या नोंदीत आत शिरणाऱ्या हवेचे तापमान 46 अंश दिसत होते. आपल्या माहितीपत्रकात या स्विचसाठी 0 ते 40 अंश तापमान आणि दव न धरता 10 ते 90 टक्के आर्द्रता अशी मर्यादा दिलेली आहे. हवेतील बाष्प तेवढेच राहून हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता उतरते, हे शालेय विज्ञान आहे. त्या हिशेबाने खोलीतील हीच हवा 46 अंशांवर पोचली की तिची आर्द्रता सुमारे 19 टक्के उरते. म्हणजे आर्द्रतेची मर्यादा कोठेही ओलांडलेली नव्हती. ओलांडली होती ती तापमानाची, आणि तीही रॅकच्या आत. चालू स्थितीत खोलीपेक्षा तापलेल्या पृष्ठभागावर दव धरत नाही, हेही येथे नमूद करतो. समुद्राच्या खाऱ्या हवेने तांब्याचे वा चांदीचे भाग गंजू शकतात, हे आम्ही नाकारत नाही. पण तसे असते तर बोर्डावर त्याच्या खुणा दिसल्या असत्या, आणि अहवालात बोर्ड तपासल्याचा उल्लेखही नाही.

उष्णतेचे कारण जोडणीत आहे. सर्व्हर समोरून थंड हवा घेतो आणि मागून गरम हवा सोडतो. केबल जोडणे सोपे जावे म्हणून आपल्या इंजिनिअरने स्विचचे पोर्ट, म्हणजे केबल खोचण्याच्या खाचा, मागच्या बाजूस वळवले. मात्र या मॉडेलमध्ये हवा पोर्टच्या बाजूनेच आत ओढली जाते, त्यामुळे तो सर्व्हरने सोडलेली गरम हवाच पीत राहिला. त्यातच रॅकमधील रिकाम्या जागा ब्लँकिंग पॅनेलने (हवा अडवणाऱ्या बंद पट्ट्यांनी) झाकलेल्या नाहीत आणि काचेच्या दाराला जाळी नाही, म्हणून तीच हवा पुढे येऊन पुन्हा आत जाते. वातानुकूलन अभियंत्यांच्या ‘अ‍ॅश्रे’ या संस्थेची 18 ते 27 अंशांची शिफारस उपकरणात शिरणाऱ्या हवेसाठी आहे, भिंतीवरच्या तापमापकासाठी नाही. हे रॅक विकणाऱ्या कंपनीने जाणायचे की वाचनालयाच्या ग्रंथपालाने?

आणखी एक काळजी यूपीएसची आहे. तोही त्याच बंद रॅकमध्ये तळाशी बसवलेला आहे. 25 अंशांच्या वर साधारण दर 10 अंशांना लेड-अ‍ॅसिड बॅटरीचे आयुष्य निम्मे होते. उद्या ती लवकर संपली तर तेव्हाही कोकणच्या हवेकडेच बोट दाखवले जाईल, अशी आम्हाला रास्त भीती वाटते.

तरी स्विच वॉरंटीत विनामूल्य बदलून द्यावा आणि त्याच्या हवेची दिशा सर्व्हरशी जुळेल अशी फेरजोडणी करावी. काचेऐवजी जाळीचे दार आणि ब्लँकिंग पॅनेल आपल्या खर्चाने बसवून, रॅकच्या समोर वर, मध्ये व खाली घेतलेल्या तापमान-आर्द्रतेच्या नोंदी आम्हाला लेखी द्याव्यात. बोर्ड न तपासता दिलेला अहवालही मागे घ्यावा. पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास आम्ही जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागू.

सोबत बिल, सेवा केंद्राचा अहवाल, स्विचमधील तापमानाच्या नोंदी आणि रॅकची छायाचित्रे जोडली आहेत.

आपला,
कार्यवाह,
सार्वजनिक वाचनालय