ओव्याच्या तेलाची चाचणी संत्र्याच्या शेडमध्ये घ्या

महोदय,

आंबिया बहराचा, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्याचा, संत्र्याचा माल निघाला की वरुड-मोर्शी भागात क्रेटच्या तळाशी हिरवी बुरशी धरलेली फळे सापडतातच. ही पेनिसिलियम डिजिटॅटम, सालीवरच्या ओरखड्यातून आत शिरणारी. फळ कात्रीने न कापता ओढून तोडले, की तिला वाट मोकळीच. ओव्याच्या तेलातील थायमॉल आणि लवंगेच्या तेलातील युजेनॉल हे घटक प्रयोगशाळेच्या बशीत अशा बुरशीची वाढ रोखतात, हे अनेक चाचण्यांत दिसले आहे. पण बशीतली बुरशी वेगळी आणि ट्रकमधून दिल्लीला निघालेले संत्रे वेगळे. तेल उडून जाते, मात्रा वाढवली तर सालीवर डाग पडू शकतात, वर संत्र्याला ओव्याचा वास! (गिऱ्हाईक तो कशाला खपवून घेईल?) घरी केलेला काढाही दर वेळी सारख्या ताकदीचा निघत नाही. ‘नैसर्गिक’ अशी चिठ्ठी लावून बाटलीत काहीही विकणाऱ्यांचे त्यामुळेच फावते.

नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांनी या चाचण्या आमच्या प्रतवारीच्या शेडमध्ये, आमच्याच मालावर घ्याव्यात. किती लिटर पाण्यात किती तेल, हेही सोप्या मराठीत छापावे.

— एक संत्रा उत्पादक, वरुड (जि. अमरावती)