रसेलचे न मोजलेले ब्लॉक

महोदय,

एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधला सर्वांत थोर सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) कोण, हा वाद निघाला की आकड्यांचा ढीग पुढे येतो आणि बिल रसेल मागे पडतो. विल्ट चेंबरलेनचे 2 मार्च 1962 रोजी एकाच सामन्यातले 100 गुण, करीम अब्दुल-जब्बारचे कारकिर्दीतले 38,387 गुण, हकीम ओलाजुवॉनचे 3,830 ब्लॉक (बास्केटकडे फेकलेला चेंडू हाताने अडवणे). सगळे खरेच आहे. पण एनबीएने ब्लॉकची अधिकृत नोंद सुरू केली ती 1973-74 च्या हंगामापासून, आणि रसेल निवृत्त झाला 1969 मध्ये. ज्या कौशल्यावर त्याचा सगळा खेळ उभा होता, त्याचा रकानाच त्या काळी नव्हता! अडवलेला चेंडू प्रेक्षकांत भिरकावण्यापेक्षा तो सहकाऱ्याच्या हाती जाईल असा वळवण्यावर त्याचा भर असे. तिथूनच त्याच्या बोस्टन सेल्टिक्स संघाची वेगवान चढाई सुरू होई. 13 हंगामांत 11 विजेतेपदे, त्यातली शेवटची दोन खेळाडू-प्रशिक्षक म्हणून. मालिकेच्या निर्णायक सातव्या सामन्यात तर तो एकदाही हरला नाही.

‘तेव्हा संघच मोजके होते’ हा आक्षेप नेहमीचा. पण संघ मोजके म्हणूनच चेंबरलेनसारख्याशी त्याची शंभराहून अधिक वेळा गाठ पडली, हे कोणी का सांगत नाही? करीमचा स्कायहूक (एका हाताने डोक्यावरून उंच सोडलेला फटका) मलाही अतिशय प्रिय आहे. नुसते गुणच हवे असतील तर मी त्यालाच घेईन. सामना जिंकायचा असेल तर मात्र रसेल.

– एक बास्केटबॉलप्रेमी, नागपूर