काका, तुमची लाल झेंडी आमच्याकडेच राहिली

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

लेकीकडचा मुक्काम आटोपून तुम्ही मुर्तिजापूरला परतलात आणि तुमची लाल झेंडी इथे बर्लिनला राहिली. झेंडीच्या आधी हे पत्र पाठवतोय. ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहिलंय, कारण वहीच्या चार पानांवर तुम्ही जे उतरवून दिलंत ते बंद पडलेल्या रुळांवर पायडलगाडी चालवायला निघालेल्या कुठल्याही मराठी घराला कामाला येईल. भाड्याने गाडी देणारे पाच मिनिटांत ब्रेक कुठे, घंटी कुठे तेवढं दाखवतात. रूळ हे काय प्रकरण आहे ते सांगायला आयुष्यभर ट्रॅकवर चाललेला माणूसच लागतो.

ज्यांनी ही गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. लोखंडी चौकटीला रेल्वेसारखी, आतल्या अंगाला उंच कड असलेली चार चाकं, दोन बाजूंना सायकलच्या सीटा आणि पायडल, मध्ये बाकडं. दोघांनी पाय मारायचे, दोघांनी आयतं बसायचं. जर्मन लोक तिला ड्रायझीने म्हणतात. १८१७ मध्ये पायाने जमीन ढकलत चालवायचं दुचाकी यंत्र काढणाऱ्या कार्ल ड्राइसचं नाव तिला चिकटलंय. बर्लिनच्या दक्षिणेला झोसेन ते युटरबोग या मार्गावर या गाड्या चालतात. ही मुळात प्रशियाच्या लष्कराची रेल्वे. तिच्याच मारीनफेल्डे–झोसेन तुकड्यावर ऑक्टोबर १९०३ मध्ये विजेच्या गाडीने ताशी २१० किलोमीटर गाठले होते. पुढच्या तुकड्यावर आपण ताशी बारानेच धापा टाकतो, हा तुमचा शेरा आता इथल्या मंडळींत म्हण होऊन बसलाय.

तुमच्या पहिल्या पानावर एकच वाक्य अधोरेखित होतं: ‘हलकी गाडी लवकर पडते.’ आम्हा सगळ्यांचा समज नेमका उलटा होता. गाडी हलकी, वेग कमी, मग भीती कसली? तुम्ही हिशेब मांडलात. भरलेल्या मालडब्याचं एकेक चाक रुळावर दहा टनांच्या आसपास भार टाकतं. चार माणसं धरून ड्रायझीने चारशे किलो, म्हणजे चाकामागे शंभर किलो. रुळावर पडलेला खडीचा तुकडा मालगाडी चिरडून पीठ करते. ड्रायझीनेचं चाक त्याच्यावर चढतं. आणि कड रुळाच्या डोक्यावर आली की गाडी खाली उतरलीच म्हणून समजा.

हे कुठे होतं तेही तुम्ही बोट ठेवून सांगितलंत: फाटकावर. रस्ता रूळ ओलांडतो तिथे रुळाच्या आतल्या अंगाला चाकाची कड जाण्यापुरती खाच असते. आपल्याकडच्या मोठ्या लाइनीला (ब्रॉडगेजला) ही खाच ५१ ते ५७ मिलिमीटर रुंद आणि किमान ३८ मिलिमीटर खोल ठेवतात, कारण चाकाची कड २८ मिलिमीटरच्या आसपास उंच असते आणि खाली थोडी जागा राहावी लागते. रोज गाडी धावते तिथे खाच आपोआप मोकळी राहते, शिवाय रुळांची देखभाल करणारी गँग ती साफ करते. बंद मार्गावर ट्रॅक्टरच्या टायरमधली माती, वाळू, पाइनच्या सुया तिथे ठासून बसतात. पाऊस पडून ऊन पडलं की त्याची वीट होते. म्हणून तुमचा क्रम असा: फाटकाच्या वीस पावलं आधी चालण्याच्या वेगावर यायचं, फाटकाअलीकडे पूर्ण थांबायचं, एकाने उतरून दोन्ही खाचा बघायच्या, काडीने किंवा जुन्या स्क्रूड्रायव्हरने माती उकरायची, मग रस्त्यावर दोन्हीकडे पाहून गाडी ढकलत पलीकडे न्यायची. रस्त्यावरच्या वाहनाचा हक्क पहिला. इथे आपण रेल्वे नसतो, हे डोक्यात भिनायला वेळ लागतो.

सांध्यांवरही, म्हणजे एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळायच्या जागी, तीच काळजी. सोडून दिलेल्या स्टेशनात जीभ (गाडी वळवणारी रुळाची सरकती, निमुळती पट्टी) अर्धवट उघडी राहिली असेल, तर पुढची चाकं एका रस्त्याने आणि मागची दुसऱ्या रस्त्याने निघतात. उतरा, जीभ रुळाला चिकटलीय का पाहा, शंका वाटली तर हाताने ढकलून न्या. जीभ आणि रूळ यांच्या फटीत बोट किंवा बुटाचं टोक कधीच घालायचं नाही, जीभ सुटी दिसली तरीही.

गाडी उतरलीच तर काय, हे तुम्ही अंगणातल्या लाकडी बाकड्यावर शिकवलंत. दोन बांबू रूळ म्हणून जमिनीवर टाकले होते, तो देखावा शेजारचे जर्मन आजोबा कुंपणावरून बघत उभे होते. आधी कुणीही गाडीला हात लावायचा नाही. आधी एक माणूस झेंडी घेऊन मागे पळणार, कारण मागून येणारी गाडी ही पहिली आपत्ती. मग मुलं आणि बसलेली माणसं रुळाबाहेर, सगळी एकाच बाजूला. मग एकच टोक उचलायचं, एकच आस (दोन चाकं जोडणारा दांडा). दोघं दोन बाजूंना, हात चौकटीच्या नळीवर, तळवा वर. सीटला किंवा पायडलला धरून उचललं की ते हातात फिरतं आणि बोट जातं. गुडघे वाकवून, पाठ ताठ, ‘एक, दोन, हो’ म्हणत. ‘तीन’ नाही, ‘हो’, कारण तिनावर उचलायचं की तिनानंतर यावरून माणसं भांडतात. कडा दोन्ही रुळांच्या आत बसल्या हे वाकून पाहिल्याशिवाय दुसरं टोक उचलायचं नाही. शेवटी चेन दातांवर आहे ना ते बघून गाडी दोन हात पुढे-मागे ढकलून पाहायची.

आपल्या ट्रॉलीमनची, म्हणजे रूळ तपासायला निघालेल्या साहेबाची ढकलगाडी चालवणाऱ्यांची, रीत तुम्ही तेव्हाच सांगितली होती. साहेब ट्रॉलीच्या बाकावर, दोघं मागून रुळावर धावत ढकलणार, गाडीची चाहूल लागली की चौघं मिळून ट्रॉली लाइनीबाहेर. उचलता येणारी ट्रॉलीच लाइनीवर घ्यायची हा नियम, आणि ट्रॅक सर्किट (रुळांतल्या विजेवरून गाडी ओळखणारी यंत्रणा) असलेल्या भागात चाकं विद्युतरोधक हवीत, नाहीतर रिकाम्या लाइनीवर गाडी उभी असल्याचं सिग्नलला वाटणार. हे इथल्या मृत मार्गावर लागू नाही, पण तुमच्या तोंडून ऐकताना कुणी उठलं नाही.

ब्रेकचा भाग सगळ्यांनी पाठ करावा असा आहे. लोखंडावर लोखंड, म्हणून गाडी सुटली की सुटली. सपाटीला दोघांना मिळून पन्नास-साठ वॅट जोर पुरतो. शंभरात एक चढ आला की त्यात आणखी सव्वाशे-एकशेतीस वॅटची भर पडते आणि बाकड्यावरच्या पाहुण्यांनी उतरून चालावं असं वाटायला लागतं. थांबताना मात्र लोखंडाचा हाच गुळगुळीतपणा वैरी होतो. ताशी १५ किलोमीटरला कोरड्या रुळावर ब्रेक दाबायचं सुचेपर्यंत ६ मीटर जातात, थांबायला ९, एकूण १५. ओली पानं रुळावर चिकटली असली तर तेच ३५ मीटर होतात. ताशी २० ला ओल्यात ६० मीटर. म्हणून कोरड्यात पुढच्या गाडीपासून ५० मीटर आणि पावसात १०० मीटर अंतर. चाकं लॉक होऊन घसरायला लागली तर ब्रेक सोडून पुन्हा हळू दाबायचा. घट्ट धरून ठेवला तर गाडी बर्फावरच्या पाटासारखी जाते. वळून चुकवता येत नाही, ही एक गोष्ट सायकलवाल्यांच्या हातापायांना फार उशिरा कळते.

आणि तो वेग मोजण्याचा तुमचा खेळ! मुलांनी तोच सगळ्यात जास्त खेळला. रुळाच्या एका तुकड्याची लांबी पावलांनी मोजायची, मीटरला ३.६ ने गुणायचं, जेवढे सेकंद येतील तेवढ्या वेळात जॉइंटचे आवाज मोजायचे; जेवढे आवाज, तेवढा ताशी किलोमीटर वेग. आपल्या १३ मीटरच्या रुळाला ४७ सेकंद, १५ मीटरच्या रुळाला ५४. दोन आसांचे दोन ठोके जवळजवळ पडतात, ती ‘टक-टक’ जोडी एक धरायची. आवाज मऊ, दबका आला तर त्या जॉइंटखालची खडी बसलीय, स्लीपर (रुळाखालचा आडवा ठोकळा) लोंबकळतोय, हेही तुम्ही सांगितलंत. वेल्ड केलेला रूळ आला की आवाज बंद, खेळ बंद.

कपड्यांबद्दल तुम्ही अर्धं पान खर्ची घातलंत ते योग्यच. ओढणी, साडीचा पदर, जर्किनची दोरी, सुटी बुटांची नाडी. चेनला यातलं काहीही चालतं. ओढणी कमरेला नुसती खोचून भागत नाही, गाठ मारायची. बाकड्यावरच्या मुलांचे पाय लोंबले तर स्लीपरच्या डोक्यांना आपटतात, त्यांना मांडी घालून बसवायचं. एक भर आमची: गवतातून आल्यावर रात्री गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या मुळाशी गोचीड बघावी. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. तेल, पेटती वात असले घरगुती उपाय करू नयेत. दुसरी भर जास्त गंभीर. कुमर्सडोर्फ आणि युटरबोगच्या आसपासचं रान ही जुनी लष्करी चाचणी-मैदानं. जमिनीत न फुटलेला दारूगोळा अजून आहे. २०२३ मध्ये युटरबोगजवळ वणवा लागला तेव्हा अग्निशामक दलाला याच कारणाने आत शिरता येत नव्हतं. पाटी असो वा नसो, लघवीलासुद्धा झाडीत शिरायचं नाही. सिगारेट तर नाहीच.

आता रेल्वेगाडीने तिथे पोचण्याबद्दल, कारण खरी फजिती बहुतेकदा रुळावर होत नाही, रुळापर्यंत जाताना होते. एकेरी मार्गावर ड्रायझीने ठरलेल्या वेळात एकाच दिशेने सोडतात आणि नंतर दिशा पालटते. निघायची वेळ हुकली की दिवस गेला. ‘हवी ती गाडी नको, तिच्या आधीची पकडा,’ हे तुमचं वाक्य इथेही सोळा आणे खरं. मासिक डॉइचलांड तिकीट प्रादेशिक गाड्यांना चालतं, लांब पल्ल्याच्या वेगवान आयसीईला नाही. घाईत पांढरी चकचकीत गाडी दिसली म्हणून चढू नये. काही गाड्या वाटेत दोन भागांत फुटतात. फलाटावरच्या पाटीवर आणि डब्याच्या दारावर शेवटचं स्टेशन वाचून मगच बसायचं, नाहीतर अर्धं कुटुंब भलत्या गावाला. छोट्या स्टेशनांत काही ठिकाणी मागणी केली तरच गाडी थांबते: आतलं बटण वेळेत दाबलं नाही तर ड्रायव्हर पुढे निघून जातो, आणि दार उघडायलाही बटण दाबावं लागतं. शनिवार-रविवारी रुळांची कामं निघतात, तेव्हा बदली बस असते. तिचा थांबा स्टेशनबाहेर असतो, वेळ जास्त लागतो, बाबागाडी बसेलच असं नाही. म्हणून आदल्या रात्री एकदा आणि निघताना एकदा वेळापत्रक बघायचं. साधं तिकीट असेल आणि मुक्कामाला तासभर उशीर झाला तर भाड्याचा पाव भाग, दोन तास झाला तर निम्मा परत मागता येतो. मासिक तिकिटाला अशा दर उशिरामागे दीड युरो, आणि चार युरो साठल्याशिवाय हातात काही पडत नाही. तो अर्ज भरण्यापेक्षा तुमचा डबा बरोबर नेणं बरं: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, माणशी दोन लिटर पाणी. ब्रांडेनबुर्गच्या (बर्लिनभोवतीच्या राज्याच्या) पाइनच्या रानात सावली दिसते, पण रुळावर ती क्वचितच पडते.

तुम्ही जाताना विचारलं होतं, आपल्या शकुंतला रेल्वेवर असं काही होईल का. मुर्तिजापूर–यवतमाळ आणि मुर्तिजापूर–अचलपूर, ७६२ मिलिमीटरची ती लाइन. गेज (दोन रुळांमधलं अंतर) अरुंद असल्यामुळे शेजारी-शेजारी दोघं बसणं अवघड. एकामागे एक सीट लावावी लागेल, माणसांचं वजन खाली ठेवावं लागेल, नाहीतर वळणावर गाडी कलंडेल. पण त्याआधी परवानगी. गाडी धावत नसली तरी ती रेल्वे लाइनच, आणि रेल्वे कायद्याच्या १४७ कलमाखाली घुसखोरीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. त्यामुळे घरी वेल्डिंग करून गाडी घेऊन निघालेल्या उत्साही पुतण्याला तुम्ही थांबवलंत, त्याबद्दलही आभार.

झेंडीची दांडी जरा सैल झाली होती, ती तारेने बांधलीय. पुढच्या महिन्यात पुण्याला येणाऱ्या बॅगेत ती असेल. तिथून मुर्तिजापूरपर्यंत कुणाबरोबर धाडायची ते कळवा. वहीची चार पानं मात्र परत मागू नका.

आपली,
बर्लिनची मंडळी