ज्येष्ठांचा डाव आणि सहावी ओळ

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

बुद्धिबळाच्या स्पर्धेत तुझा डाव लवकर आटोपला तर ज्येष्ठांच्या एखाद्या पटाशी जाऊन उभी राहा. सुरुवातीच्या खेळी भराभर होतात, त्यात फारसं काही नाही. खरा डाव तिसऱ्या-चौथ्या तासाला, एकेक हत्ती आणि एक प्यादं उरल्यावर सुरू होतो.

समज, पांढऱ्याचा राजा ई५ (अक्षर म्हणजे उभी रांग, आकडा म्हणजे आडवी ओळ), प्यादं डी५, हत्ती ए७. काळ्याचा राजा डी८, हत्ती बी६. काळ्याने काय करायचं? काहीच नाही. हत्ती सहाव्या ओळीतच ठेवायचा: बी६, एच६, परत बी६. पांढऱ्या राजाला वर चढता येत नाही. प्यादं डी६ ला सरकलं की लगेच हत्ती बी१ वर, आणि मागून शह. आता पांढऱ्या राजाला आडोसाच नाही. बरोबरी.

थकलेला माणूस चुकतो तो घाईत. प्यादं डी५ वरच असताना हत्ती बी१ ला नेतो. मग पांढरा राजा ई६, हत्तीचा ई१ वरून शह, राजा डी६. आता मागून शह द्यायचा तर मध्ये प्यादं उभं, आणि ए८ वर हत्ती येऊन मात होण्याची धमकी. काळ्या राजाला सी८ ला, म्हणजे लहान बाजूला (प्याद्याच्या ज्या बाजूला रांगा कमी) पळावं लागतं. बरोबरी अजून असते, पण आता ती शोधून काढावी लागते, तीही घड्याळात मिनिटं उरलेली असताना.

वय झालं म्हणून शेवटी सुटतील, या भरवशावर राहू नकोस. माजी जगज्जेता स्मिस्लोव्ह ६२ व्या वर्षी, १९८३ मध्ये, जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या सामन्यांत ह्युबनरशी बरोबरीत राहिला (निकाल चक्क रूलेटच्या चाकावर लागला!), मग रिब्लीला हरवून थेट कास्पारोव्हसमोर बसला. १९९१ मध्ये ज्येष्ठांचं पहिलं जगज्जेतेपदही त्याचंच.

हातांकडेही बघ. तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल आणि बरोबरी मागायची असेल तर जाणता खेळाडू खेळी पटावर करत नाही. आधी स्कोअरशीटवर लिहितो, घड्याळ थांबवतो, मग पंचांना बोलावतो. सोंगटी हलवून मागणी केली तर ती गेलीच. मागणी चुकीची ठरली तर समोरच्याला दोन मिनिटं जास्त मिळतात.

डाव संपला की तू प्रेक्षक. काही गैर दिसलं तर खेळाडूंशी एक शब्दही नाही, फक्त पंचांना सांगायचं.

तुझे,
बाबा